भाचीला पोलीस भरती द्यायचीय: मैदान, लेखी आणि नंतरचं ट्रेनिंग, खरं काय ते सांगा

सुषमा_माण
नमस्कार मंडळी. माझी थोरली भाची यंदा बारावी झाली. तिला पोलीस शिपाई व्हायचंय आणि हे खूळ आजचं नाही, आठवीपासून तेच म्हणतेय. रोज पहाटे उठून गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्याला पळते. उंची १५७ भरते. दाजींचं म्हणणं की पोरीची जात, रात्री-अपरात्रीची ड्युटी, नको ते. बहीण तयार आहे, पण तालुक्याच्या गावातल्या एका निवासी अकॅडमीने वर्षाचे ऐंशी हजार सांगितलेत आणि वर "निवडीची गॅरंटी" देतात म्हणे. घरात दोन म्हशी आणि कोरडवाहू जमीन, एवढ्यावर हा पैसा उभा करायचा म्हणजे म्हैस विकावी लागणार. मी अंगणवाडीत काम करते, मला यातलं फारसं कळत नाही. भरती नेमकी कशी होते, अकॅडमी लागतेच का, आणि निवड झाली तर ट्रेनिंगमध्ये मुलींचं कसं असतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा, फार उपकार होतील.

हवालदार_काका
सुषमाताई, पहिलं सांगतो, म्हैस विकू नका. गॅरंटी देणारा माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा करतोय, तिसरं काही नसतं.

आता प्रक्रिया. शिपाई पदाला बारावी पास लागतं. वय खुल्या गटाला १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. मुलींना उंची १५५ सेंमी, मुलांना १६५ आणि छाती न फुगवता ७९, फुगवून ५ ने वाढली पाहिजे. म्हणजे तुमची भाची उंचीत बसते. उंची अनवाणी मोजतात, तेव्हा घरच्या भिंतीवर पेन्सिलची खूण करून १५७ आली असेल तर एकदा दवाखान्यातल्या पट्टीवर मोजून घ्या.

आधी मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी, ५० गुणांची. त्यात निम्मे गुण तरी पडलेच पाहिजेत. मग प्रत्येक प्रवर्गात जेवढ्या जागा त्याच्या दहापट उमेदवार लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, दीड तासाची: अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. त्यात किमान ४० टक्के. दोन्हींची बेरीज १५० पैकी, त्यावर मेरिट. त्यानंतर कागदपत्रं, वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी आणि मग नेमणूक.

गर्दीचा अंदाज यावा म्हणून सांगतो. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांच्या वर. २०२५ च्या शेवटी जाहिरात निघाली ती साडेपंधरा हजारांच्या आसपास जागांची. एका जागेमागे शंभर जण धरून चाला. पण त्या शंभरातले खरोखर तयारी केलेले फार थोडे असतात, हे मी मैदानावर बंदोबस्ताला उभा राहून पाहिलंय.

गोळाफेक_सर
मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे, संध्याकाळी गावातल्या पोरापोरींकडून फुकट सराव करून घेतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुलींचं मैदान म्हणजे ८०० मीटर २० गुण, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. पूर्ण गुण हवे असतील तर ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत आणि ४ किलोचा गोळा ६ मीटर. मुलांना ८०० ऐवजी १६०० मीटर, त्याला ५ मिनिटं १० सेकंद, १०० मीटरला साडेअकरा सेकंद, गोळा ७.२६० किलोचा आणि तो साडेआठ मीटर.

आता गंमत बघा, नव्वद टक्के पोरं वर्षभर नुसती पळतात. गोळ्याला हात लावतात जाहिरात आल्यावर. तालुक्याला गोळा मिळत नाही म्हणून दगड फेकतात, आणि दगड फेकून हात चुकीचा बसतो. पळण्यात पाच सेकंद कमी करायला महिने जातात, पण गोळ्यात नीट शिकवलं तर मुलगी तीन-चार आठवड्यांत एक मीटर वाढवते. १५ गुण तिथे पडून असतात आणि कोणी उचलत नाही.

गोळा तळहातात बसवायचा नाही, बोटांच्या मुळाशी ठेवायचा. मानेला लावून, जबड्याच्या खाली. कोपर खांद्याच्या उंचीला. कोपर खाली पडलं की गोळा ढकलला न जाता चेंडूसारखा फेकला जातो, अंतर तर जातंच, मनगट आणि खांदाही दुखावतो. जोर हातात नसतो, मागच्या पायात आणि कमरेत असतो. मागचा पाय वळवून कंबर आधी पुढे आली पाहिजे, हात सगळ्यात शेवटी. आणि फेकून झाल्यावर वर्तुळाबाहेर पुढून पाय पडला की फाऊल. माझी एक विद्यार्थिनी घरच्या अंगणात चुन्याचं वर्तुळ आखून फक्त पाय आत ठेवण्याचा सराव करायची, गोळ्याशिवाय. भरतीत तिच्या आजूबाजूच्या मुलींचे फाऊल जात होते, हिचा एकही नाही.

८०० बद्दल एकच. दोन फेऱ्या असतात. २:५० म्हणजे फेरीला ८५ सेकंद. शिट्टी वाजली की सगळ्या सुसाट सुटतात, पहिली फेरी ८० मध्ये काढतात आणि दुसरीला पाय शिशाचे होऊन ९५ लागतात. झाले २:५५, गेले २ गुण. भाचीला पहिली फेरी ८४-८५ मध्येच काढायची सवय लावा, कोणी पुढे गेलं तर जाऊ दे. मोबाईलचं स्टॉपवॉच पुरे. वेळ आता चिपवर नोंदवतात, त्यामुळे "साहेबांनी उशिरा घड्याळ बंद केलं" ही जुनी तक्रार बरीच कमी झाली.

रानवारा
सर, सगळं बरोबर, पण मूळ प्रश्नच कोणी विचारत नाही. मैदान आधी का? २०१९ च्या नियमांनी लेखी आधी केली होती, नंतर २०२२ ला पुन्हा मैदान आधी आणलं. २०२४ ला ऐन जून-जुलैत मैदान ठेवलं, पावसात ट्रॅकचा चिखल, काही ठिकाणी तारखा पुढे ढकलल्या. लांबून आलेली पोरं पुलाखाली, स्टेशनवर झोपली. लेखी आधी असती तर एवढ्या लाखो पोरांना ही पायपीट करावी लागली नसती.

हवालदार_काका
रानवारा, तुमचा मुद्दा खोटा नाही. पावसाळ्यात मैदान नकोच. पण लेखी आधी घेतली तेव्हा काय झालं तेही बघा. क्लास लावायची ऐपत असलेली शहरातली पोरं लेखीत पुढे गेली आणि खेड्यातली धावणारी पोरं मैदानापर्यंत पोचलीच नाहीत, अशी ओरड गावोगाव होती. शेवटी शिपायाचं काम अंगमेहनतीचं आहे.

रानवारा
मग मैदान आधी ठेवा, पण हिवाळ्यात ठेवा आणि राहायची सोय करा. २०१४ ला मुंबईत ५ किलोमीटर धावताना पोरं गेली, जीव गेल्यावर अंतर कमी केलं. सोय आधी व्हायला हवी, एवढंच म्हणणं आहे.

हवालदार_काका
याला माझा पूर्ण पाठिंबा.

गोळाफेक_सर
माझाही. आणि याच विषयात एक गोष्ट कळकळीने सांगतो. मैदानाच्या आदल्या दिवशी "ताकदीचं इंजेक्शन" विकणारे लोक अकॅडम्यांच्या आसपास फिरतात. भाचीला आत्ताच बजावून ठेवा. उन्हात, उपाशीपोटी, असलं काही टोचून धावलं की काळीज बंद पडू शकतं. केळं, पाणी, चांगली झोप, बास. नवे बूटही त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत.

लेखी_मास्तर
मैदानावर सगळे बोलले, पण निवड होते लेखीत. हिशोब सोपा आहे. मैदानातून जे वर येतात त्यांचे गुण बहुतेक ४० ते ५० च्या मध्येच असतात. त्यांच्यातला फरक चार-पाच गुणांचा. लेखीत मात्र फरक वीस-वीस गुणांचा पडतो. म्हणजे मैदान तुम्हाला दारापर्यंत नेतं, आत लेखी घेते.

भाचीने आत्तापासून रोज दोन तास लेखीला द्यावेत. मुलं सगळ्यात जास्त घसरतात ती अंकगणितात: शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, सरासरी. पाचवी ते दहावीची पाठ्यपुस्तकं पुन्हा सोडवा, वेगळं जाड पुस्तक नंतर. मराठी व्याकरणात समास, प्रयोग, विभक्ती, म्हणी-वाक्प्रचार, यांचे गुण हमखास मिळतात. प्रत्येक जिल्हा आपापला पेपर काढतो, त्यामुळे मागच्या भरतीचे वेगवेगळ्या जिल्ह्यांचे पेपर मिळतात. ते घड्याळ लावून सोडवा. ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला मिनिटही नाही. घरी आरामात ऐंशी मिळवणारी मुलगी घड्याळ लावल्यावर पंचावन्नवर येते, आणि हे तिला घरीच कळलेलं बरं.

पेपर फुटेल, कोणीतरी "आतून" सांगेल, या नादी लागू नका. २०२१ ला पिंपरी-चिंचवडच्या भरतीत एकाने तोंडावरच्या मास्कमध्ये यंत्र बसवून आणलं होतं, ते तपासणीतच पकडलं गेलं. असल्या नादात पकडला गेलेला पोरगा कुठल्याच सरकारी नोकरीच्या लायकीचा राहत नाही.

खाकी_ताई
सुषमाताई, ट्रेनिंगचं मी सांगते. मी २०१८ च्या भरतीतली, सध्या मराठवाड्यातल्या एका ठाण्यात आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही, नोकरीत आहे म्हणून. राज्यात प्रशिक्षण केंद्रं बरीच आहेत: मरोळ, खंडाळा, नानवीज, तुरची, सोलापूर, जालना, अकोला, नागपूर. तुम्हाला हवं ते मिळेलच असं नाही. आमच्या तुकडीला नऊ महिने होते. या काळात पगार मिळतो, शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, मेसचे पैसे त्यातून कापतात. म्हणजे निवड झाल्यावर घरच्यांनी एक रुपया घालायचा नाही.

पहिले पंधरा दिवस अवघड जातात, खोटं नाही सांगत. अंधारात उठायचं, बिछाना चादरीची एकही सुरकुती न ठेवता लावायचा, केस जाळीत बांधून फॉलिनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभं राहायचं. आधी पीटी, मग परेड. उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे, आवाज चढवूनच बोलतात, ते अंगाला लावून घ्यायचं नसतं. आमच्या बॅरेकीतल्या अर्ध्या मुली पहिल्या आठवड्यात रात्री रडायच्या. महिन्याभरात त्याच मुली रांगेत एकीचा पाय चुकला तर दुसरीला कोपराने सावरून घ्यायला लागल्या.

मुलींनी दोन गोष्टी जाण्याआधी सांभाळाव्यात. एक, हिमोग्लोबिन. खेड्यातल्या कितीतरी मुलींचं आठ-नऊच असतं आणि घरी कोणाला पत्ता नसतो. ट्रेनिंगच्या उन्हात चक्कर येऊन पडतात. तुम्ही अंगणवाडीत आहात, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. दुसरं, नडग्या. कठीण जमिनीवर जड बूट आपटून नडगीचं हाड दुखायला लागतं, मुली लाजून सांगत नाहीत आणि मग फ्रॅक्चर निघतं. दुखलं की त्या दिवशीच डॉक्टरांना दाखवायचं. पाळीचंही तसंच, आमच्याकडे महिला निर्देशक होत्या, त्यांना सांगितलं की हलकं काम द्यायच्या. न सांगता सोसत राहणारीचेच हाल होतात.

फायरिंगची सगळ्यांना भीती असते. झोपून निशाणा धरायचा, रायफलचा दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबायचा. सैल धरला की झटका गळ्याच्या हाडावर बसतो आणि आठवडाभर काळंनिळं राहतं. उस्ताद म्हणायचे, श्वास अर्धा सोडून थांब, मग घोडा दाब, ओढू नको. ऐकलं तर जमतं. माझ्या तुकडीत सगळ्यात चांगला निशाणा एका ऊसतोड कामगाराच्या मुलीचा होता.

आणि वर्गात कायदा. लोकांना वाटतं ट्रेनिंग म्हणजे फक्त परेड. आमच्या वेळी जुने कायदे होते, आयपीसी (भारतीय दंड संहिता) वगैरे, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम. खून ३०२ चा १०३ झाला, गुन्हा दाखल करायचं कलम १५४ होतं ते १७३. आम्हाला जुनं पाठ होतं, नवं पुन्हा शिकावं लागलं. भाचीची पिढी थेट नवंच शिकेल. एक तास मला कायम लक्षात आहे. निर्देशकांनी वर्गाच्या कोपऱ्यात तुटलेलं कुलूप, उघडी पेटी, सांडलेले कपडे असं मांडून ठेवलं आणि म्हणाले, घरफोडी झालीय, पंचनामा लिहा. निम्म्या वर्गाने जागेची चतुःसीमाच, म्हणजे कुठल्या दिशेला काय आहे तेच, लिहिलं नाही, वेळ लिहिली नाही, कुलूप कुठल्या बाजूने तुटलं ते लिहिलं नाही. त्यांनी एकेक कागद वाचून दाखवला आणि सांगितलं की या कागदावर आरोपी सुटला. तेव्हापासून घटनास्थळी गेले की मी आधी दिशा बघते.

सुषमा_माण
ताई, डोळ्यात पाणी आलं वाचताना. हिमोग्लोबिनचं तर मी रोज दुसऱ्यांच्या मुलींना सांगते आणि हिचं कधी तपासलं नाही. उद्याच आरोग्य केंद्रात नेते. दाजींना काय सांगू? त्यांना नंतरच्या नोकरीची जास्त काळजी आहे.

खाकी_ताई
खरं तेच सांगा, लपवू नका. ट्रेनिंगनंतर आधी मुख्यालय, गार्ड, बंदोबस्त. गणपती, वारी, निवडणूक, या काळात सुट्टी विसरायची. माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला मी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला होते. रात्रपाळी असते. पण रात्री बाहेर एकटं कोणी पाठवत नाही, सोबत पथक असतं, गाडी असते. आणि जेव्हा एखादी बाई मार खाऊन ठाण्यात येते आणि पुरुष अंमलदारासमोर तोंड उघडत नाही, तेव्हा ती माझ्यासमोर बसून बोलते. ती तक्रार कागदावर यायला ठाण्यात बाई असावीच लागते.

एक करा. दाजींना आणि भाचीला घेऊन जवळच्या ठाण्यात जा, तिथल्या महिला अंमलदारांना भेटा. दुपारच्या वेळी गेलात तर बोलतील. दाजींना जे विचारायचं ते त्यांना विचारू दे.

कोर्टकचेरी
सगळ्यांचं एक राहिलं, चारित्र्य पडताळणी. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून घेतात. त्यात विचारतात, कधी गुन्हा दाखल झालाय का, खटला चालू आहे का. बांधाच्या भांडणात सगळ्या घरादाराची नावं तक्रारीत घालायची आपल्याकडे पद्धतच आहे, त्यात कॉलेजातल्या पोरापोरींची नावंही जातात. असं काही असेल तर लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग प्रकरणातला निकाल या बाबतीत महत्त्वाचा आहे: किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणारा अधिकारी विचार करू शकतो, पण माहिती दडवली तर तेवढ्यावरही नोकरी जाऊ शकते. मी दोन मुलांच्या नोकऱ्या ट्रेनिंग चालू असताना गेलेल्या पाहिल्यात, आणि दोघांचेही मूळ गुन्हे अगदी क्षुल्लक होते. दडवले म्हणून गेल्या.

वेटिंगवाला
मी यातलाच, अगदी थोडक्यात राहिलेला. ताई, तुमच्या भाचीला एक सांगा, बारावीनंतर शिक्षण थांबवू नको. आमच्या गावात तीस ओलांडलेली पोरं अजून भरतीच्याच नावाने सकाळी पळतात, हातात पदवी नाही, धंदा नाही. जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो. २०२५ ला वय उलटलेल्यांना एक संधी दिली, पण दर वेळी देतीलच असं नाही. मी तयारी करतानाच मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण केली, त्याच पळण्याच्या आणि गणिताच्या जोरावर वनरक्षक झालो. पदवी असली की पुढे एमपीएससीतून फौजदार व्हायचा रस्ताही उघडा राहतो. शिपाई होऊनही खात्यात राहून तो अभ्यास करता येतो.

आणि अकॅडमी. मी एका निवासी अकॅडमीत राहिलोय. चाळीस पोरांना दोन संडास, जेवणात रोज पातळ वरण, गोळा शिकवायला कोणी नाही, फक्त पळवायचे. सगळ्याच तशा नसतील. पण पैसे भरण्याआधी आठ दिवस राहून बघू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर परत फिरा.

गोळाफेक_सर
सुषमाताई, तुमच्या तालुक्यात जवळच्या हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकांना भेटा. ४ किलोचा गोळा शाळेत असतोच, नाहीतर क्रीडासाहित्याच्या दुकानात फार महाग मिळत नाही. आठवड्यातून तीन दिवस गोळा, दोन दिवस वेगाचं पळणं, एक दिवस लांब सावकाश. एक दिवस पूर्ण आराम, हा चुकवायचा नाही.

सुषमा_माण
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा बहिणीला आणि दाजींना वाचून दाखवला. दाजी अजून गप्प आहेत, पण रविवारी ठाण्यात यायला तयार झालेत, हेच पुष्कळ. अकॅडमीला नाही कळवलं. भाचीचं हिमोग्लोबिन ९.२ निघालं, गोळ्या सुरू केल्यात. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म या आठवड्यात भरतोय. आता शेवटचा प्रश्न: आम्ही ओबीसी. जातीचा दाखला आणि अधिवास आहे, नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) दोन वर्षांपूर्वीचं आहे. ते चालेल का, की जाहिरात आल्यावर नवीन काढू?

हवालदार_काका
जाहिरातीत दिलेल्या तारखेला वैध असलेलंच चालतं. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, तुमच्या दाखल्यावर कोणत्या सालापर्यंत वैध लिहिलंय ते बघा, ती तारीख उलटली असेल तर संपलेलंच आहे. जाहिरात आल्यावर सेतूत रांगा लागतात आणि सर्व्हर बंद पडतो, तेव्हा थांबू नका. दाजींचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले तहसीलमधून घेऊन आत्ताच अर्ज टाका. आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं, आधारवरचं आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आज रात्रीच तपासा. वडिलांच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे असली तरी कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर अडवतात.

सुषमा_माण
काका, तपासलं. आधारवर वडिलांचं नाव "दत्तू" आहे आणि दहावीला "दत्तात्रय".

हवालदार_काका
मग उद्याच आधार केंद्रात जा. दहावीचं सर्टिफिकेट सोबत न्या, आणि आधार दुरुस्त झाल्यावरच नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज भरा.